सक्करदऱ्यातली काठी, मोंतोनेतली सावली

१० जुलैच्या दुपारी नागपुरातल्या सक्करदऱ्यात आमच्या गच्चीवर मी एक काठी उभी करतो. बरोब्बर एक मीटरची. बुडाला चार विटांचा आधार आणि ओळंबा लावून सरळ केलेली. मग छत्री घेऊन शेजारी बसतो आणि बारा वाजून एकोणीस मिनिटं होण्याची वाट बघतो. एकोणीस कशाला? घड्याळातले बारा आपले नाहीतच! ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशाचे. सूर्य तिथून आपल्या डोक्यावर यायला साधारण चौदा मिनिटं घेतो, आणि जुलैत वर पाचेक मिनिटांचा उशीर पृथ्वीच्या कलत्या, लंबगोल फिरण्यामुळे होतो. म्हणजे नागपूरचा खरा मध्यान्ह त्या दिवशी बारा एकोणीसला.

जुलै म्हणजे नागपुरात ढगांचा कारभार. दोन वर्षं ढगांनी फसवलं. तिसऱ्या वर्षी मात्र ऐन वेळेला ऊन पडलं आणि मी वाकून बघितलं. मीटरभर काठीची सावली किती असावी? जेमतेम दोन सेंटीमीटर, बोटाच्या एका पेराएवढी. आणि पडली होती कुठे? दक्षिणेकडे! आयुष्यभर ‘दुपारची सावली उत्तरेला’ असं घोकलेल्या माणसाला हे बघून चुकल्यासारखं होतं. पण चूक काहीच नाही. त्या दिवसांत सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा पुढे, उत्तरेला सरकलेला असतो. आठवडाभरानं परत फिरताना तो थेट माथ्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते.

आता हीच काठी त्याच दिवशी इटलीतल्या मोंतोने नावाच्या गावात रोवली तर? टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातलं हे टेकडीवरचं छोटंसं गाव. तिथे भर मध्यान्हीला तिची सावली ३९ सेंटीमीटर पडेल, आणि उत्तरेला. सावली गडप होण्याचा दिवस मोंतोनेला कधीच उजाडत नाही. ते भाग्य कर्कवृत्ताच्या अलीकडच्या आपल्यासारख्यांचं.

पण सक्करदऱ्यातल्या माणसानं मोंतोनेची सावली कशाला मोजावी? कारण तिथे एक सूर्यघड्याळ आहे. २०२३ च्या जुलैत उभारलेलं. आणि त्या घड्याळाला नाव आहे यशवंत घाडगे यांचं. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा मराठी माणूस, मराठा लाइट इन्फंट्रीचा नाईक, १० जुलै १९४४ रोजी त्या खोऱ्यात पडला. वय २२.

गोष्ट इथेच संपवता आली असती. पण मला छळणारा प्रश्न वेगळा होता. युरोपच्या युद्धात मेलेल्या एका नाईकाचं नाव मुळात उरलंच कसं? सैन्यात नाईक म्हणजे हवालदाराच्याही खालचा. इतक्या खालच्या माणसाचं नाव लिहून ठेवायचं, हे युद्धाच्या इतिहासात अगदी काल-परवाचं खूळ आहे. खोटं वाटतं? चला, जरा मागे जाऊ. फार लांब नाही, आमच्या चौकापर्यंतच.

सक्करदऱ्यात भोसल्यांचा वाडा आहे, तलाव आहे, आणि पलीकडच्या वस्तीचं नाव रघुजीनगर. भोसल्यांत रघुजी एकापेक्षा जास्त झाले. त्यातल्या दुसऱ्या रघुजींनी १८०३ मध्ये शिंद्यांसोबत एका तरुण इंग्रज सेनापतीशी झुंज घेतली. आधी असई, मग अकोला जिल्ह्यातलं अडगाव, मग मेळघाटातला गाविलगड. तीनही ठिकाणी आपण हरलो. तो तरुण सेनापती होता आर्थर वेलस्ली. बारा वर्षांनी, १८ जून १८१५ रोजी, वॉटर्लूच्या मैदानावर त्यानंच नेपोलियनला चीत केलं. तोवर तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला होता. म्हणजे युरोपचा भूगोल बदलणाऱ्या माणसानं तालीम केली ती आपल्या वऱ्हाडाच्या मातीत. आहे की नाही गंमत?

आता वॉटर्लूकडे बघा. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास मेले किंवा जखमी झाले. मग त्या मेलेल्यांचं काय झालं? बहुतेक सामूहिक खड्ड्यांत गेले. पुढे तिथली हाडं खतासाठी उकरून नेल्याच्या बातम्या त्या काळच्या वर्तमानपत्रांत आहेत. तरुण सैनिकांचे धडधाकट दात उपटून कवळ्या करणाऱ्यांना विकले गेले, आणि पुढे कित्येक वर्षं अशा दातांना ‘वॉटर्लूचे दात’ म्हणत. दोनशे वर्षांनी पुरातत्त्वज्ञ खणायला गेले तर पूर्ण सांगाडे मिळाले बोटांवर मोजण्याइतके. हजारो माणसं, आणि कोण कुठे गेलं याची वहीच नाही!

तरी वॉटर्लूनं एक नवी गोष्ट केली. लढाईनंतर ब्रिटिशांनी जे पदक दिलं ते सरदारापासून शिपायापर्यंत सगळ्यांना एकसारखं होतं, आणि प्रत्येकाच्या पदकाच्या कडेवर त्याचं नाव ठोकलेलं होतं. मेलेल्याचं पदक त्याच्या घरच्यांना मिळालं. हे पहिल्यांदाच घडलं. चांदीच्या पातळ कडेवरची ती इवलीशी अक्षरं म्हणजे पुढच्या सगळ्या गोष्टीचं बी.

पण ते बी आपल्याकडे कसं उगवलं, तेही बघा. असई, अडगाव आणि नागपुरातल्या १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईत इंग्रजांकडून लढलेल्यांना ईस्ट इंडिया कंपनीचं पदक मंजूर झालं १८५१ मध्ये! त्याच्या फितीवर चांदीच्या पट्ट्या असत, आणि त्यातल्या एकीवर चक्क ‘नागपूर’ लिहिलेलं असे. मिळणार कोणाला? त्या दिवशी जिवंत असलेल्यालाच. असईनंतर ४८ वर्षांनी किती जण उरले असतील, तुम्हीच सांगा. आणि ज्यांनी नागपूर राखायचा प्रयत्न केला, त्यांच्यासाठी तर कसली पट्टी आणि कसलं पदक! हरणाऱ्याची यादी कोणी करत नाही.

मग बदल झाला कुठे? १९१४ मध्ये, फ्रान्सच्या चिखलात. फॅबियन वेअर नावाचा एक माजी संपादक सैन्यात भरती व्हायला गेला. वय ४५, म्हणून परत पाठवला. तेव्हा तो रेड क्रॉसच्या रुग्णवाहिका तुकडीचा प्रमुख होऊन आघाडीवर गेला. जखमी उचलता उचलता त्याच्या लक्षात आलं की रस्त्याकडेला, शेतात, बागेत घाईनं खणलेल्या कबरी आहेत. वर लाकडाचा क्रूस आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं नाव. दोन पावसाळे, की नाव गेलं! त्यानं आपल्या माणसांना सांगितलं, नुसते जखमी शोधू नका, कबरीही लिहून घ्या. १९१५ च्या ऑक्टोबरपर्यंत ३१,००० हून जास्त कबरींची नोंद झाली होती. एका रुग्णवाहिकेच्या तुकडीनं केलेली वही! २१ मे १९१७ रोजी त्या वहीतून राजाच्या सनदेनं एक आयोगच जन्माला आला. आज त्याचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन, आणि दोन महायुद्धांतली १७ लाख माणसं त्याच्या खात्यावर आहेत. १५० हून अधिक देशांत.

कबरीवर नाव लिहायचं तर ते आधी कळायला हवं. मेलेल्याच्या गळ्यातला बिल्ला काढून घेतला की कार्यालयाला मृत्यू कळायचा, पण देह निनावी व्हायचा. १९१६ मध्ये उपाय निघाला, आणि तो इतका साधा आहे की हसू येतं: दोन बिल्ले. एक लाल आणि गोल, तो काढून न्यायचा. एक हिरवा आणि अष्टकोनी, तो देहासोबत राहू द्यायचा. धोब्याच्या चिठ्ठीचे दोन तुकडे असतात ना, एक कपड्याला आणि एक आपल्या खिशात? तसंच. दोन रंग, दोन आकार, म्हणजे अंधारात बोटांनी चाचपूनही चूक होऊ नये.

मग खरी धुमश्चक्री झाली ती दगडावरून. श्रीमंत घरं म्हणाली, आमच्या मुलाचं शव आम्ही घरी आणू, आमच्या ऐपतीचं स्मारक बांधू. आयोग म्हणाला, नाही. कोणाचंच शव परत येणार नाही. लॉर्डचा मुलगा आणि गवंड्याचा मुलगा शेजारी-शेजारी झोपतील, एकाच मापाच्या दगडाखाली. उंची ८१ सेंटीमीटर, रुंदी ३८. वरची कड किंचित गोलाकार, पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून. क्रूसाऐवजी पाटीसारखा दगड निवडला, कारण त्यावर नाव, पलटण आणि ज्याच्या त्याच्या धर्माचं चिन्ह मावतं. यावरून मे १९२० मध्ये ब्रिटिश संसदेत कडाक्याची चर्चा झाली. आयोगाच्या बाजूनं उभा होता लेखक रुडयार्ड किपलिंग. त्याचा मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता. ज्याची ओळख पटली नाही त्या सैनिकाच्या दगडावर ‘हा देवाला ठाऊक’ अशा अर्थाचे शब्द घालायचे, ते किपलिंगनंच सुचवले. साम्राज्याचे गोडवे गाणारा हा माणूस मला एरवी फारसा आवडत नाही. पण बेपत्ता मुलाच्या बापानं निवडलेले ते शब्द वाचताना हात आपोआप जोडले जातात.

आता तुम्ही विचाराल, ज्यांना पुरतच नाहीत त्यांचं काय? हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन होतं. कबर नाही, तर दगड ठोकायचा कुठे?

हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला इंग्लंडमधल्या ब्रायटनला. १९१४ च्या अखेरीस तिथल्या राजेशाही प्रासादात भारतीय जखमींसाठी इस्पितळ उघडलं. झुंबरांखाली खाटा! जाती-धर्माच्या सोवळ्यासाठी नऊ वेगळी स्वयंपाकघरं आणि वॉर्डावॉर्डात हिंदू-मुसलमानांचे वेगळे नळ. जे वाचले नाहीत, त्यांतल्या ५३ हिंदू-शिखांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला. १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिथे पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या असतात तशीच. आराखडा मुंबईच्या एका तरुण वास्तुशिल्पीचा. इंग्रज मेंढ्या चरतायत आणि मध्ये छत्री! फक्त एक गोष्ट राहिली: त्या ५३ जणांची नावं. ती त्या जागी कोरली गेली २०१० साली. दहनानंतर पंच्याण्णव वर्षांनी.

फ्रान्समध्ये नव्ह शापेलला मात्र १९२७ मध्येच नावांची भिंत झाली. गोल अंगण, दगडी जाळ्या, कमळाचा स्तंभ, दोन बाजूंना वाघ, आणि ४,७०० हून जास्त भारतीयांची नावं. युक्ती कळली ना? कबर नसेल तर भिंत. माणूस राख होऊन वाऱ्यावर गेला तरी नावाला चार अक्षरांची जागा लागतेच.

इथपर्यंत वाचून वाटेल की चला, सगळं न्यायानं झालं. नाही झालं. आणि फटका बसला तो नेमका आपल्या माणसांना.

पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी मोठ्या संख्येनं गेल्या त्या मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला. युद्ध युरोपचं, वाळवंट तिसऱ्याचं, आणि पाय आपले. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी पुण्याच्या डिव्हिजनमधून गेल्या आणि कुत अल-अमाराच्या वेढ्यात १४७ दिवस उपाशी लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. या आघाडीवर मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४०,००० हून अधिक जणांचं स्मारक बसऱ्याला उभं राहिलं. त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली. आणि शिपायांची? पलटणीचं नाव, पुढे आकडा. संपलं. ज्या आयोगानं लॉर्डच्या मुलाला वेगळा दगड नाकारला, त्यानं इथे हजारो माणसांना बेरजेत घातलं. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते अख्खं स्मारक गोदीतून उचलून वाळवंटात काही मैल आत नेऊन पुन्हा जोडलं. दगड हलले, खांब हलले. आकडे आकडेच राहिले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आयोगानंच नेमलेल्या समितीचा अहवाल आला. पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंतची, नावानं आठवण ठेवलीच गेली नाही, असं त्यात कबूल केलं होतं. बहुतेक आफ्रिकी आणि इजिप्शियन. आयोगानं माफी मागितली आणि जुनी दफ्तरं चाळून नावं शोधायला घेतली. शंभर वर्षांनी वही पुन्हा उघडली!

आणि नावाऐवजी नुसता आकडा आपल्या गावांतही आहे. कोकणात, साताऱ्याकडे, पुणे जिल्ह्यात फिरताना चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली छोटी संगमरवरी पाटी कधी बघितलीय? मजकूर साचातला असतो: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त दोन आकडे बदलतात, बाकी पाटी तीच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून गेलेले ४६ जण परतले नाहीत, आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. मी अशी एक पाटी पुसून वाचलीय. चुन्याचे थर चढलेले, इंग्रजी अक्षरांत शेवाळ. ‘गेले’च्या पुढचा आकडा ठळक होता. ‘मेले’च्या पुढच्या आकड्यावर कुणीतरी खिळा ठोकून दिनदर्शिका लटकवली होती.

म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या यशवंत घाडग्यांचं नाव मला एवढं अचाट वाटतं. पंचवीस लाख भारतीय त्या युद्धात भरती झाले, ८७,००० च्या आसपास मेले. पण या वेळेपर्यंत शिपायालाही नाव असतं, हे दगडानं मान्य केलं होतं. १० जुलैला घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि एका फटक्यात सगळे मेले किंवा जखमी झाले. उभा उरला हा एकटा. तो थेट मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक उलटी धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांना आडवं केलं. मग दुरून नेमबाजाची गोळी आली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या एप्रिलमध्ये इटलीतच, सेनिओ नदीच्या काठी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या नामदेव जाधवांनी हाच क्रॉस मिळवला. ते मात्र घरी परतले आणि १९८४ पर्यंत जगले.

घाडग्यांची कबर नाही. पण इटलीतल्या कॅसिनो गावच्या दफनभूमीच्या बागेत, पाण्याच्या हौदाभोवती उभ्या केलेल्या हिरव्या संगमरवराच्या पाट्यांवर, कबर नसलेल्या चार हजारांहून जास्त जणांत त्यांचं नाव आहे. इटलीत दहन झालेल्या भारतीयांसाठी सांग्रो नदी, फोर्ली आणि रिमिनी इथे वेगळी स्मारकं आहेत. ब्रायटनच्या टेकडीवर पडलेल्या प्रश्नाचं उत्तर आता तयार होतं.

आणि मग ऐंशी वर्षं होत आली असताना मोंतोनेच्या लोकांनी हे सूर्यघड्याळ केलं. पुतळा नाही, तोफ नाही. घड्याळ! त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘आपण सगळे एकाच सूर्याखाली’. वाचून मी आधी नाक मुरडलं. भाषणात घालतात तसलं वाक्य. पण मग सूर्यघड्याळ चालतं कसं ते समजून घेतलं आणि नाक सरळ झालं.

सूर्यघड्याळाच्या मधोमध सावली पाडणारी एक दांडी असते. आपले जुने ज्योतिषी शंकू रोवायचे, तिचीच बहीण. पण ही दांडी माझ्या गच्चीवरच्या काठीसारखी सरळ उभी नसते, तिरकी असते. किती तिरकी? तिचं टोक ध्रुवताऱ्याकडे रोखलेलं हवं, म्हणजे ती पृथ्वीच्या आसाला समांतर होते. पृथ्वी त्या आसाभोवती फिरते, म्हणून सूर्य दांडीभोवती तासाला १५ अंश फिरल्यासारखा दिसतो, आणि सावली बारा महिने तासाच्या रेघा चुकत नाही. आता गंमत बघा. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर दिसतो? जितके तुमचे अक्षांश, तितके अंश! नागपुरात २१, मोंतोनेत ४३. जयपूरच्या जंतरमंतरात सम्राट यंत्राच्या पायऱ्या २७ अंशांनी चढतात, कारण जयपूर २७ अक्षांशावर आहे. म्हणजे मोंतोनेची दांडी आणि सक्करदऱ्यात लावायची दांडी जमिनीशी वेगवेगळा कोन करतील. बघणाऱ्याला एक झोपलेली वाटेल, एक उठून बसलेली. पण हजारो मैलांवरच्या या दोन दांड्या एकमेकींना समांतर असतील. तंतोतंत! दोघी एकाच दिशेला बोट दाखवतायत, वाकडी आहे ती आपली जमीन.

हे कळलं तेव्हा मी रात्री गच्चीवर गेलो आणि उत्तरेला बोट तिरकं धरून ध्रुव शोधला. खाली चौकात रिक्षावाल्यांची भांडणं चालू होती.

तर १० जुलैला माझं काम बारा एकोणीसला संपत नाही. मोंतोनेचा मध्यान्ह आपल्यानंतर चार तास सत्तावीस मिनिटांनी येतो. तेवढा वेळ सूर्याला तिथवर पोचायला लागतो. म्हणून पावणेपाचला मी पुन्हा वर जातो. तेव्हा इथली सावली पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकून पडलेली असते. मोजली तर एक मीटर चौऱ्याऐंशी सेंटीमीटर, माझ्यापेक्षा लांब. शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांखालून ती कठड्यापर्यंत जाते.

चार वाजून सेहेचाळीस मिनिटांना मी तिच्या टोकाशी खडूनं रेघ मारतो आणि बाजूला लिहितो: मोंतोने, दुपारचे बारा.